सुनेचा विषय आणि माझा डावा कौल

माझी सून चाळिशी ओलांडल्यावर धर्म शिकायला कॉलेजात गेली. धर्म म्हणजे पूजापाठ नव्हे. जगातले सगळे धर्म कसे सुरू झाले, माणसं ते कसे पाळतात, त्यावरून का भांडतात, असा तो अभ्यास. एम.ए.ची दोन वर्षं, चार सेमिस्टर. कॉलेज गोव्याच्या हद्दीत. सोमवारी उजाडता निघायचं, आठवडाभर हॉस्टेलात राहायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. तिच्या खोलीतल्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. त्या हिला मावशी म्हणतात आणि हिच्या डब्यातली सुकटीची चटणी संपवतात.

मी चौथीपर्यंत शिकले. नंतर आईबरोबर मासळीची टोपली घेऊन बाजारात बसले, ती गुडघ्यांनी पुरे म्हटलं तेव्हा उठले. बाजारातल्या माझ्या जुन्या जोडीदारणींना सुनेचं कळलं तेव्हा त्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला.

"काय गो, तुजी सून भटीण होतली काय?" एकीने विचारलं.

"होवंदे," मी म्हटलं. "तुज्या तेराव्याक फुकट येतली."

सून वैभववाडीची. आमच्या किनाऱ्यावर ज्याला दारातून समुद्र दिसत नाही तो घाटावरचाच, मग तो जिल्ह्यातला असला तरी. तिचे वडील शाळामास्तर, त्यामुळे ती घरातही पुस्तकात लिहिल्यासारखी बोलते. लग्न होऊन आली तेव्हा जिवंत कुर्ली, म्हणजे खेकडा, बघून ओट्यावर चढली होती. आता तीच कुर्ली एका हाताने धरते आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलते. तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, मालवाहू बोटीवर असतो. वर्षातून तीन-चार महिने घरी, बाकी फोनच्या काचेत. लेक शिकायला पुण्याला. घरात उरलो आम्ही दोघी. दोघीच असल्या की सासू-सुनांना भांडणाचाही कंटाळा येतो. तेव्हा तिने एक दिवस जाहिरात वाचली आणि नाव घातलं. मी म्हटलं, जा. मला एकटीला बरं वाटतं. हवं तेव्हा जेवावं, हवी ती मालिका बघावी, कोणी मीठ कमी घाला म्हणून सांगत नाही.

दोन सेमिस्टर अशीच गेली. मग गेल्या पावसाळ्यात मागल्या दारी मी घसरले. पडले नाही, घसरले. शेजारणीने मला उचललं आणि बोटीवर फोन करून सांगितलं की म्हातारी पडली. मुलाने तिथून समुद्राच्या मधोमध गोंधळ घातला. "आये, तू एकटी रवायची नाय." मी म्हटलं, "तू खंय आसस? पाण्यात. मी जमिनीर आसंय. कोणी कोणाची काळजी करूची?" पण त्याच्या बायकोच्या मनात ते घसरणं घर करून बसलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा शेवटच्या सेमिस्टरचे विषय निवडायचे होते. बाकीचे सगळे ठरलेले, एकच आपल्या मर्जीचा. सुट्टी संपता संपता एका सोमवारी संध्याकाळपर्यंत तो फोनवरून कॉलेजला कळवायचा होता. ती ओटीवर बसून फोनकडे बघत होती. मी बाजूला वाल सोलत होते.

"आई, दोन विषय आहेत. कुठला घेऊ, सांगा."

"ज्याचो मास्तर कमी बोलता तो घे."

"ऐका तरी. एक आहे पाली भाषा. जुन्या काळच्या भिक्षूंचे ग्रंथ ज्या भाषेत आहेत ती. तिचा वर्ग रोज असतो, म्हणजे हॉस्टेल आलंच. दुसरा क्षेत्र-अभ्यास. एखादी चालीरीत निवडायची, लोकांत जाऊन बघायची, त्यांच्याशी बोलायचं आणि त्यावर लिहायचं. त्यासाठी इथेच राहता येईल. कॉलेजात महिन्यातून एखादी फेरी."

"आणि बघतलंस काय? माका?"

"गावपळण."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आचऱ्याच्या बाजूच्या आमच्या काही गावांत काही वर्षांनी एकदा सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस तीन रात्री माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपीत राहायचं. गावात कोणी म्हणजे कोणी थांबायचं नाही. मग देवाला विचारायचं आणि परत यायचं. का, म्हणून विचाराल तर दहाजण दहा गोष्टी सांगतील. मी विचारत बसत नाही. त्या दिवसांत केर काढावा लागत नाही, एवढं कारण मला पुरतं.

"तेव्हा क्षेत्र-अभ्यासच घेते," सून म्हणाली. "तुमच्याजवळही राहता येईल."

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. कारण मागचे काही महिने मी तिला बघत होते. तिसऱ्या सेमिस्टरला कुठल्याशा विषयात तिला थोडी पाली आली होती. तेव्हापासून ही बाई नारळ खवताना पुटपुटायची. मी आधी समजले मला शिव्या घालते आहे. जवळ जाऊन ऐकलं तर एकच शब्द शेपट्या बदलून बदलून म्हणत होती. एखादं वाक्य लागलं की एकटीच हसायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या मुलाचं बोलणं ऐकून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. आणि पळणीबद्दल बोलताना ती कशी दिसत होती? पापलेट संपलं, आता बोंबील घ्या, असं ऐकलेल्या गिऱ्हाइकासारखी.

"तुका पाली व्हयी," मी म्हटलं.

"नाही हो. पळण हाही चांगला विषय आहे. आपलाच आहे."

"माका पुढे करून लपा नको."

"तुम्ही पडलात, आई."

"घसारलंय."

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातल्या सरांना फोन लावून विषय सांगितला. सर खूश झाले. इतके खूश की त्यांनी तिला कामच नेमून दिलं. फोन ठेवून ती आत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"सर म्हणतात, तीन दिवस गावातच थांबा. रिकाम्या गावात काय होतं ते कोणी लिहिलेलं नाही. तुम्ही पहिल्या."

मला एवढं हसू आलं की वालाची परात सांडली. "तुज्या सरांका इचार," मी म्हटलं, "रिकामो गाव बघूक तू थांबलंस, तर गाव रिकामो खंय रवलो?"

तिने खरोखर विचारलं. सरांनी म्हणे माझा प्रश्न आधी वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, बरं, बाहेर खोपीत राहून लिहा. पण यंदा पळण आहे ना, ते आधी नक्की करा. नसेल तर विषय बदलावा लागेल.

ते नक्की करणं ना त्यांच्या हातात होतं ना आमच्या. पळण कधी, हे देव सांगतो. त्यासाठी कौल लावतात. देवाच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावाचा कौल त्याच रविवारी होता, सुनेच्या सोमवारच्या आदल्या दिवशी. सून म्हणाली, "बघा, देवच माझा विषय ठरवणार." ती आधी परीक्षा द्यायची आणि मग देवाला नमस्कार करायची, अशा जातीतली आहे. तिच्या तोंडून हे ऐकून मला कळलं की तिला ठरवणं जड जातं आहे.

रविवारी देवळात सगळा गाव. पुढे मानकरी, मागे बाकीचे, खांबाजवळ आम्ही बायका. गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा, आज तुजा गावरहाटीचा लेकरू तुज्या पायाकडे गोळा झालला आसा..." प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय महाराजा" म्हणत होते. सून पण म्हणत होती, जरा उशिरा, शाळेत प्रार्थना म्हणतात तशी. फार थांबावं लागलं नाही. उजवी कळी पडली. पळण यंदाच.

सगळीकडे बोलणं सुरू झालं, कोणाची खोप कुठे, कोणाच्या म्हशी कुठे. मी सुनेकडे बघितलं. तिला तिचा विषय मिळाला होता, देवाच्या सहीशिक्क्यासह. ती मला म्हणाली, "झालं, आई. सुटले." असं म्हणताना तिने पदराच्या टोकाला गाठ मारली आणि परत सोडली. सुटलेलं माणूस असं करत नाही.

गावाचं झालं की घराघरांची गाऱ्हाणी घेतात. कोणाची म्हैस, कोणाचं लग्न. मी उठले आणि गुरवाजवळ जाऊन बसले.

"काय काकी, तुमचा काय?"

"माका एक इचारूचा आसा. म्हातारी एकटी रवाक शकता काय. बस."

सुनेने मागून माझं लुगडं ओढलं. "आई, हे काय?"

"तू गप रव. तुजो विषय झालो. ह्यो माजो."

माझा हिशोब सरळ होता. देवाने उजवा दिला की सुनेच्या हातातलं निमित्त गेलं. मग तिने पळण घ्यावी नाहीतर पाली, माझ्या नावावर घ्यायची नाही. आणि देव डावा देईल असं माझ्या मनातही आलं नाही. तेवढी भीड तो ठेवील असं मला वाटलं.

गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ही तुजी लेक, हिणां आयुष्यभर कष्ट केल्यान, हिचो झील बोटीर आसा तेका सुखात ठेव, हिच्या नातीक चांगलो घो मिळांदे, हिचो गुडघो..."

"गुडघो नको," मी म्हटलं. "गुडघ्याक डॉक्टर आसा. एका कौलात एकच इचार. सगळा एकदम इचारलंस तर तो उत्तर कशाक देतलो?"

लोक हसले. गुरवाने परत सुरुवात केली, या वेळी माझ्यापुरतीच. "ही एकटी घरात रवाक जोगी आसा तर उजवो दी महाराजा, नसात तर डावो दी."

"व्हय महाराजा."

कळ्या हलेनात. एक मानकरी घड्याळाकडे बघायला लागला. कोणाच्या तरी घरी मटण शिजत होतं, त्याचा वास येत होता, आणि त्या घरातली बाई चुळबुळत होती. मी कळ्यांकडे बघत होते. आता सांगायला हरकत नाही, मला घाम फुटला होता. सगळ्या गावासमोर विचारून बसले होते. डावी पडली तर ती माझ्या एकटीच्या घरात पडणार नव्हती, ती उद्या बाजारात, नळावर, आणि संध्याकाळी बोटीवरच्या फोनात पडणार होती.

डावी पडली.

मग मागून कोणीतरी पुरुष म्हणाला, "पडलली ना ती, मगे?"

"घसारललंय!" मी ओरडले, देवासमोर.

सुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला आई. मी आहेच ना."

हे 'मी आहेच ना' ऐकून मला त्या कळीपेक्षा जास्त राग आला. मी उठले नाही. कौल डावा म्हणजे डावा, तो मोडता येत नाही. माझ्या आयुष्यात मी मोडला नाही. पण देव म्हणाला होता एकटी नको. कोणाबरोबर, ते मी विचारलंच नव्हतं.

"दुसरा कोण आसा काय घरातला?" गुरवाने विचारलं. त्यालाही माझी दया आली असावी. "बरोबर रवाक?"

"कोण नाय," मी म्हटलं.

तेव्हा मागून आवाज आला. शुद्ध, हळू, पुस्तकी.

"वालावलच्या आत्या आहेत."

मी मान वळवून सुनेकडे बघितलं. तिने खाली बघितलं.

वालावलच्या आत्या म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वालावलला तळ्याच्या बाजूला एकटी राहते, मुलगे मुंबईला. माझं आणि तिचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. एका लग्नघरी पंगत बसली असताना मी केलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन ती मोठ्याने म्हणाली होती, "तिरफळा इतकी घातली की बांगडो कधीचो ता कळाचा नाय." म्हणजे बांगडा शिळा, आणि तो वास मी तिरफळांच्या मसाल्याने झाकला. हे मासळी विकणारीला. पंगतीत. माझी अर्धी गिऱ्हाइकं बसली होती तिथे. एखाद्या सोनाराला त्याच्या मुलीच्या लग्नात पितळ म्हणावं तसं ते झालं. सुनेला हे सगळं ठाऊक आहे. सुनेसमोरच झालं होतं.

आणि तरीही तिने ते नाव घेतलं. मला त्या बाईच्या हवाली करायला ती तयार झाली. तेव्हा मला समजलं की हिला पाली किती हवी आहे. इतके दिवस मी सांगत होते, तुला हवी आहे, हवी आहे, आणि ही नाही नाही करत होती. आता एका वाक्यात कबूल झाली, तेही माझ्या पायावर धोंडा टाकून. मला आतून बरं वाटलं आणि वरून मी म्हटलं, "शाबास गो बाये. माका मारूक तुका दुसरा कायच गावला नाय?"

"मी फक्त नाव सुचवलं."

"इचार रे," मी गुरवाला म्हटलं. "वालावलच्या नणंदेक हाडू काय, तितकाच इचार."

माझी आशा अजून होती. देवाला आमचं भांडण ठाऊक असणारच. त्याने थोडा विचार केला असता तरी मला बरं वाटलं असतं. गुरवाने उजवी कळी लावली, डावी लावायला हात उचलला, गाऱ्हाण्याला तोंड उघडलं, आणि उजवी टपकन खाली. गुरव म्हणाला, "ही धरूची नाय, गाऱ्हाणा झालाच नाय." परत लावली. 'बा देवा महाराजा' म्हणून होईपर्यंत परत पडली. आता सगळं देऊळ हसत होतं. मटणवाली बाई तर खांबाला धरून हसत होती.

देवळाच्या पायरीवरच सुनेने फोन काढला.

"घराक जावन कर," मी म्हटलं. "उद्या सांजपर्यंत येळ आसा."

"इथे रेंज चांगली आहे," ती म्हणाली आणि दोन वेळा बोट टेकवून पाली घेऊन टाकली. मी मत बदलायच्या आत. मग तोच फोन कानाला लावून वालावलला बोलली आणि माझ्या हातात दिला.

"वन्सं," मी म्हटलं, "देवान सांगितल्यान म्हणान बोलवतंय. माज्या मनात नाय."

"माका ठावक आसा," तिकडून आवाज आला. जरासुद्धा म्हातारा झाला नव्हता. "येतंय. पण तिरफळा मोजून घाल. नायतर मी जेवची नाय."

ती आली. दोन पिशव्या, एक उशी आणि स्वतःचा तवा घेऊन. आल्या दिवसापासून तिने मला समुद्राच्या मासळीपेक्षा खाडीचं काळुंदर कसं गोड, ते समजवायला घेतलं आहे. मी तिला बाजारात नेऊन माझ्या जुन्या जागेवर उभी केली आणि माझ्या जोडीदारणींकडून तिला ताज्या बांगड्याचे कल्ले उघडून दाखवले. तिने वाकून बघितले, वास घेतला आणि म्हणाली, "आजचो बरो आसा." आजचो. म्हणजे त्या दिवशीचा नव्हता. ही बाई मरेपर्यंत माघार घेणार नाही, तेव्हा मला तिच्याआधी मरता येणार नाही.

मग पळण आली. ढोल वाजले, घरं बंद झाली, गाव वेशीबाहेर गेला. एका खोपीत मी आणि वन्सं. शुक्रवारी संध्याकाळी सून गोव्याहून थेट खोपीत आली. बाहेर लोक चुलीभोवती गप्पा मारत होते, भजन चाललं होतं, म्हातारे पोरांना पळण का करतात त्याच्या दहाच्या दहा गोष्टी सांगत होते. सरांच्या क्षेत्र-अभ्यासाला हवं ते सगळं हाताच्या अंतरावर होतं. आणि ही खोपीच्या दारात बसून पुस्तकावर मान घालून पुटपुटत होती.

"अगो, जरा वर बघ," मी म्हटलं. "तुजो विषय चल्लो सगळो."

"माझा विषय नाही तो," मान न उचलता ती म्हणाली.

"ह्या काय पुटपुटता ही?" वन्संनी विचारलं.

"भिक्षूंची भाषा. शांत रवाक शिकवता म्हणे."

"मगे तुका शिकवची व्हयी. त्या दिवशी पंगतीत तुज्या तिखल्यात..."

"बोला. बोला. तीच गोष्ट बोला परत."

एवढ्यात बोटीवरून मुलाचा फोन आला. सुनेने पुस्तकातून डोकं न काढता तो माझ्याकडे सरकवला.

"आये, एकटी नाय ना?" त्याने विचारलं. आवाज दूरचा, मध्येच तुटणारा.

वन्सं बांगड्यापासून सुरू करून माझ्या लग्नातल्या सोलकढीपर्यंत येऊन पोचल्या होत्या. मी उत्तर दिलं नाही. फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.